आजींचा राग कॅप्टनपर्यंत पोचायला हवा होता

पत्र

ताई, मी मूळची पुण्याची. कोरियन तिथेच शिकले आणि रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कोरियन कंपनीत काही वर्षं दुभाषी होते. लग्नानंतर अमेरिकेत आले. आता वॉशिंग्टन राज्यात टाकोमाजवळ राहते, ग्रीन कार्ड आहे. कोरियात तैनातीवर जाणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या सरावासाठी कोरियन बोलणारे रोल प्लेअर आणि दुभाषी हवेत, अशी जाहिरात मैत्रिणीने पाठवली आणि मी अर्ज केला. इथली कोरियन मंडळी सरावात गावकरी होतात. मी दिसायला कोरियन नाही, म्हणून मला सैनिकांच्या बाजूची दुभाषी केलं.

मागच्या सरावात एका कॅप्टनला कंटेनरच्या घरांचं एक 'गाव' रिकामं करून घ्यायचं होतं. गावातल्या म्हातारीचं काम करणाऱ्या बाई खरोखरच सत्तरीला आलेल्या. आम्ही त्यांना हाल्मोनी म्हणतो, आजी. भूमिका लिहून दिलेल्या त्यांच्या कार्डावर एवढंच होतं की घर सोडायला नकार द्यायचा. पण बोलता बोलता त्या स्वतःचंच बोलायला लागल्या. "माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं. तीन दिवसांत परत याल म्हणाले. ती माझ्या थोरल्या भावाला आजीपाशी ठेवून निघाली. मरेपर्यंत तिला तो दिसला नाही. तुम्ही येता, बोट दाखवता आणि आमची घरं जातात. तुझ्या शब्दावर मी उंबरा ओलांडणार नाही." त्यांचे हात थरथरत होते. मी कॅप्टनला इंग्रजीत सांगितलं, "त्यांना घराची काळजी वाटते. किती दिवस लागतील, असं विचारतायत." तो हसून म्हणाला, "थोडेच दिवस," आणि पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी गावाने त्याचा रस्ता अडवला. सगळा बेत फिसकटला. नंतरच्या चर्चेत प्रशिक्षकाने त्याला विचारलं, "म्हातारी काय म्हणाली ते ऐकलं नव्हतंस का?" तो म्हणाला, "ऐकलं होतं. तिला फक्त दिवस विचारायचे होते." मी तिथेच बसले होते, गप्प.

तेव्हापासून मनाला चैन नाही. नवरा म्हणतो, नाटकच तर होतं, एवढं काय मनाला लावून घेतेस. बाबा पुण्याहून म्हणाले, युद्धाच्या तालमीत आपलं काय काम? पुढच्या सरावाचं बोलावणं आलंय. जाऊ का? झालेलं कुणाला सांगू का? हाल्मोनी माझ्याशी नेहमीसारखं बोलत नाहीत, त्याचं काय करू? आणखी एक. आम्ही रात्रंदिवस तिथेच असतो, पण कंपनी 12 तासांचेच पैसे देते आणि कागदावर आम्हाला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणते. हे बरोबर आहे का?

उत्तर

तुझी शेवटची ओळ वाचून मला आधी पैशांचं लिहावंसं वाटलं होतं, पण ते नंतर. पत्राचा जीव त्या एका वाक्यात आहे, जे तू कॅप्टनला सांगितलंस आणि जे आजी म्हणाल्याच नव्हत्या. तेव्हा आधी स्पष्ट उत्तर देते. झालेलं सांग. आणि पुढच्या सरावाला जा, पण सांगून झाल्यावर.

नवरा म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे. गाव कंटेनरचं होतं, बंदुकांतून गोळ्या सुटत नव्हत्या, कुणाचं घर गेलं नाही. पण तो एक गोष्ट विसरतो. त्या माळावर सगळं खोटं असलं तरी कॅप्टन खरा होता आणि तो खरोखर शिकायला आला होता. 2015 पासून अमेरिकी सैन्याची एक ब्रिगेड नऊ-नऊ महिन्यांच्या पाळीने कोरियात जाते. तिथे त्यांचे साधारण 28,500 सैनिक कायम असतात. तुझा कॅप्टन उद्या प्याँगटेकच्या छावणीत उतरेल, तेव्हा त्याच्या गाठीला काय असेल? 'म्हातारी माणसं किती दिवस लागतील असं विचारतात, थोडेच दिवस म्हटलं की ऐकतात.' हे त्याला तू शिकवलंस. हेतू वाईट नव्हता हे मला दिसतंय, पण शिकवलंस खरं.

तू हे का केलंस, हेही तुझ्याच पत्रात आहे, रांजणगावच्या उल्लेखात. कारखान्यातल्या दुभाष्याचं काम मी जवळून पाहिलेलं आहे. कोरियन साहेब लाइनवर येऊन तावातावाने बोलतो, समोर आपला सुपरवायझर उभा, आजूबाजूला पोरं बघतायत. अशा वेळी हुशार दुभाषी साहेबाचं बोलणं जसंच्या तसं ओतत नाही. "सर म्हणतायत, हा माल पुन्हा तपासून घ्या," एवढंच सांगते. सुपरवायझर उलटून काही बोलला तर तेही सोलून, पुसून वर पोचवते. यात गैर काही नाही. त्या दोघांना उद्या सकाळी पुन्हा त्याच शेडमध्ये उभं राहायचं असतं, दोघांनाही काय झालंय ते ठाऊक असतं, आणि मालाचा प्रश्न तेवढ्याने सुटतो. तुला तिथे शाबासकी मिळाली असेल ती याच सांभाळून घेण्याबद्दल. आपल्याकडे घराघरांतून मुलींना हे शिकवलं जातं. सासर-माहेरच्या मध्ये उभं राहून दोन्हीकडचे निरोप मऊ करून पोचवायचे. तुझ्या हातात ते इतकं बसलंय की आजींचे हात थरथरायला लागले तशी ती सवय आपोआप पुढे आली.

पण सरावात सांभाळून घेण्यासारखं काही नसतं. तिथे राग हाच माल असतो. प्रसंग लिहिणाऱ्याने म्हातारीला नकार द्यायला लावला तो अशासाठी, की कॅप्टनला त्या नकाराशी दोन हात करायला लागावेत. त्याने थांबावं, खाली बसावं, विचारावं, वेळ द्यावा, वरच्यांशी बोलून बेत बदलावा, नाहीतर बदलू नये आणि त्याचे परिणाम भोगावेत. हे सगळं त्याने इथे, माळरानावर, कुणाचा जीव न जाता शिकावं म्हणून एवढा खटाटोप. तू राग गाळून टाकलास आणि त्याच्या हातात नुसती चौकशी दिलीस. मग दुसऱ्या दिवशी रस्ता अडवला गेला तेव्हा त्याला वाटलं असेल, ही माणसं बेभरवशाची आहेत, काल तर काही बोलली नव्हती. खऱ्या युद्धात ही समजूत फार महाग पडते.

किती महाग, ते कोरियाच्याच इतिहासात आहे. 1950 च्या जुलैमध्ये, युद्ध सुरू होऊन महिना झाला असताना, अमेरिकी सैनिकांनी योंगदोंगजवळच्या इमग्येरी गावातल्या लोकांना घरं सोडून दक्षिणेकडे निघायला लावलं. बायाबापड्या, मुलं, पाठीवर बोचकी. निर्वासितांत उत्तरेचे सैनिक लपलेले असतात, अशी धास्ती तेव्हा सगळीकडे होती. 26 जुलैला नोगुनरीच्या रेल्वे पुलापाशी त्यांच्यावर आधी विमानांतून हल्ला झाला. मग पुलाखाली शिरलेल्या लोकांवर 29 तारखेपर्यंत गोळीबार होत राहिला. दक्षिण कोरियाच्या सरकारने 2005 मध्ये 163 जण मेले किंवा बेपत्ता झाले, असं नावानिशी प्रमाणित केलं. जगाला हे कळलं 1999 मध्ये, पत्रकारांनी खणून काढल्यावर. 2001 च्या जानेवारीत अध्यक्ष क्लिंटन यांनी खेद व्यक्त केला. एक चांगला दुभाषी असता तर हे टळलं असतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. वरून आलेले हुकूम होते, भीती होती, पाठलाग होता. पण ज्या माणसांना तुम्ही घराबाहेर काढता ती काय म्हणतायत हे तुम्हाला कळत नसेल, तर ती माणसं राहत नाहीत, गर्दी होते. गर्दीवर बंदूक रोखणं सोपं जातं. आजींनी तीन दिवसांत परत येण्याचं जे सांगितलं, ते त्या पिढीच्या हजारो घरांत सांगितलं जातं. 1953 च्या जुलैमध्ये युद्धविराम झाला, सीमा बंद झाली ती झालीच. उत्तर-दक्षिण सरकारांनी 2000 ते 2018 मध्ये ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या प्रत्यक्ष भेटी घडवल्या, एकूण 21 वेळा. अर्ज करणारे लाखाच्या वर होते. बहुतेक जण वाट बघतच गेले.

म्हणून मला वाटतं, त्या दिवशी त्या माळावर सगळ्यात खरं जे बोललं गेलं ते आजींचं बोलणं होतं, आणि नेमकं तेच कॅप्टनला ऐकू आलं नाही.

आता तू विचारशील, आजी तर स्वतःच्या आयुष्यातलं बोलत होत्या, ते भूमिकेतलं नव्हतं, मग ते सांगायचं की नाही? हा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर मी बराच विचार केला. मी स्वतः मोहावीच्या वाळवंटात, फोर्ट अर्विनच्या सराव-गावांत उर्दू बोलणाऱ्या गावकरणीचं काम केलेलं आहे. दिवसा भाजून निघायचं आणि रात्री स्वेटर घालून खाटेवर पडायचं, असे ते दिवस. तिथे माझ्या डोळ्यांदेखत असं अनेकदा झालं. इराकी, अफगाणी माणसं कार्डावरचं बोलता बोलता स्वतःच्या घरात शिरायची. तेव्हापासून मी एक खूण धरून चालते. माणूस कुणाकडे बघून बोलतोय ते बघायचं. आजी कॅप्टनकडे बघून, त्याला उद्देशून बोलत होत्या. 'तुझ्या शब्दावर' म्हणाल्या. म्हणजे ते बोलणं त्याचं होतं, त्याच्यापर्यंत जायला हवं होतं, मग ते कार्डावरचं असो वा आयुष्यातलं. त्या तुझ्याकडे वळल्या असत्या, खाली बसल्या असत्या, शब्द फुटत नसता, 'आता नको' म्हणाल्या असत्या, तर मात्र गोष्ट वेगळी. मग भाषांतर करायचं नाही. सराव थांबवायचा. त्यासाठी 'रिअल वर्ल्ड' हे दोन शब्द असतात, तुला पहिल्या दिवशीच्या सूचनांत सांगितले असतील. घोटा मुरगळला, ऊन लागलं की आपण ते बिनदिक्कत वापरतो. मन उन्मळून आलं तरी वापरायचे. दुभाष्यालाही तो अधिकार असतो, आणि प्रशिक्षक त्याबद्दल रागावत नाही.

बोलायचं कसं, तेही सांगते, कारण तुझ्या पत्रात 'त्यांना काळजी वाटते', 'त्या विचारतायत' अशी वाक्यं आहेत. ही सवय सोडून दे. आजी 'मी' म्हणाल्या की तू 'मी' म्हण. "माझ्या आईलाही असंच सांगितलं होतं." सुरुवातीला विचित्र वाटतं, आपलीच आई गेल्यासारखं वाटतं. पण प्रथमपुरुषात बोललं की आपोआप दोन गोष्टी होतात. सारांश करायला जागा उरत नाही, आणि ऐकणाऱ्याची नजर तुझ्यावरून सरकून बोलणाऱ्या माणसावर जाते. उभी राहतानाही कॅप्टनच्या शेजारी अर्धं पाऊल मागे राहा, म्हणजे त्याला समोर फक्त आजी दिसतील. बोलणं लांबलं तर हात जरासा वर करून आजींना थांबव, तेवढं सांग, मग पुढे बोलू दे. एक-दोन वाक्यांच्या वर साठवून ठेवलंस की गाळागाळ सुरू होते. वहीत नावं, नाती, आकडे टिपून ठेव. 'तीन दिवस', 'थोरला भाऊ', 'आजीपाशी' एवढं लिहिलेलं असतं तरी तुझी जीभ 'किती दिवस लागतील'वर घसरली नसती. आवाज मात्र तुझाच ठेव. त्या रडल्या म्हणून तू रडायचं नाही, त्या ओरडल्या म्हणून तू ओरडायचं नाही. शब्द पूर्ण दिलेस की बाकीचं त्यांच्या चेहऱ्यावर त्याला दिसेल.

कॅप्टनचा दोष नव्हता का? होता की. समोरची बाई मिनिटभर बोलते, तिचे हात थरथरतात, आणि दुभाषी दीड वाक्यात आटोपते, तेव्हा त्याने "एवढंच म्हणाली?" असं विचारायला हवं होतं. अधिकाऱ्यांना शिकवतातच की दुभाष्याकडे नाही, समोरच्या माणसाकडे बघून बोला. बोलण्याची लांबी आणि भाषांतराची लांबी जुळत नसेल तर पुन्हा विचारा. ज्या भाषेचा पायाभूत अभ्यासक्रम मॉन्टेरीच्या डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूटमध्ये 64 आठवडे चालतो, ती भाषा कॅप्टनला येणार नाही हे ठीकच आहे, पण डोळे तर आहेत. म्हणूनच तू जे सांगशील ते प्रशिक्षकाला सोन्यासारखं वाटेल. पुढच्या तुकडीला तो हाच प्रसंग दाखवू शकेल. चर्चेत कॅप्टनवर जे शेकलं त्यातला त्याचा वाटा किती आणि तुझा किती, हे त्यालाही कळायला हवं. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रगतीवर अशा शेऱ्यांचा परिणाम होतो, आणि त्याने न ऐकलेल्या गोष्टीसाठी त्याला बोल लागू नये.

पण कॅप्टन किंवा प्रशिक्षकाआधी आजींकडे जा. क्रम बदलू नकोस. जे त्यांनी सांगितलं ते त्यांच्या आईचं आहे. तू ते ईमेलमध्ये लिहून कुणाला पाठवण्याआधी त्यांना विचारायला हवं. त्या नेहमीसारखं बोलत नाहीत याचं कारण मला वाटतं असं असेल. टाकोमा-लेकवूडकडच्या त्यांच्या वयाच्या कितीतरी कोरियन बायका अमेरिकी सैनिकांशी लग्न करून इथे आल्या. पन्नास-पन्नास वर्षं त्या इंग्रजी ऐकतायत. तू कॅप्टनला काय सांगितलंस ते आजींना तिथल्या तिथे कळलं असण्याची दाट शक्यता आहे. विचार कर, आयुष्यभर मनात ठेवलेलं त्यांनी एकदाचं एका गणवेशातल्या माणसाच्या तोंडावर म्हटलं, आणि शेजारच्या मुलीने त्याची घराची किरकोळ चौकशी करून टाकली.

तेव्हा त्यांना भेटायला जाताना 'तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून मी सौम्य केलं' असं म्हणू नकोस. ते खरं असलं तरी त्याने ओझं त्यांच्यावर जातं. सरळ सांग की तुम्ही जे बोललात ते मी पूर्ण सांगितलं नाही, सांगायला हवं होतं, मला क्षमा करा. कोरियनमध्येच सांग, मोठ्यांशी बोलतात त्या आदराने, जाताना दोन्ही हातांनी काही फळं वगैरे दे. तुला त्यांच्या रीतीभाती माझ्याहून चांगल्या माहीत आहेत. मग विचार, हे मी आता प्रशिक्षकाला कळवू का, तुमचे शब्द जसेच्या तसे लिहू का? त्या नको म्हणाल्या तर भावाचं काही लिहायचं नाही. फक्त एवढं लिहायचं: 'गाव रिकामं करण्याच्या प्रसंगात म्हातारीने ठाम नकार दिला होता आणि अधिकाऱ्याच्या शब्दावर विश्वास नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. मी ते सौम्य करून चौकशीच्या रूपात सांगितलं. अधिकाऱ्याला मूळ बोलणं ऐकायला मिळालं नाही.' हो म्हणाल्या तर त्यांचे शब्द घालायचे. कारणं, स्पष्टीकरणं, मनाची घालमेल यातलं काही त्यात नको. तुझ्या समन्वयकाला प्रत जाऊ दे. यावरून काम जाईल का? मला तरी तसं वाटत नाही. आपली चूक स्वतःहून दाखवणारा दुभाषी मिळणं किती कठीण, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असतं. आणि समजा गेलंच, तरी हे दडवून पुढच्या सरावाला उभं राहण्यापेक्षा ते बरं.

बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. युद्धाची तालीम बघून त्यांचं मन उदास होत असेल तर ते चांगल्या मनाचं लक्षण आहे. त्यांना फोनवर एक गोष्ट जरूर सांग. 1953 मध्ये कोरियातलं युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या 22 हजारांहून जास्त चिनी आणि कोरियन युद्धकैद्यांचं काय करायचं, हा पेच होता. ते कैदी सांभाळायला भारताने आपली फौज पाठवली. पाच तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि त्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले कोल्हापूरकडचे. पानमुंजोमजवळ आपल्या जवानांच्या छावणीला हिंदनगर म्हणत. तंबूंत एकेका कैद्याला आणून बसवायचे. समोर त्याच्या देशाचे प्रतिनिधी, बाजूला तटस्थ निरीक्षक, आणि मध्ये दुभाषी. 'घरी चल' म्हणून त्याची समजूत घातली जायची आणि त्याने होय किंवा नाही सांगायचं. कित्येक जण शिव्या घालायचे, अंगावर धावून जायचे. तिथे एखाद्या दुभाष्याने 'नाही'चं 'विचार करतो' केलं असतं तर त्या माणसाचा देशच बदलला असता. ना इकडे ना तिकडे म्हणणारे 88 जण शेवटी आपल्या फौजेबरोबर 1954 च्या फेब्रुवारीत भारतात आले. तेव्हा कोरियातल्या त्या दुःखाशी आपलं अगदीच काही नातं नाही, असं नाही. गणवेशातल्या माणसाला गावकऱ्याचं म्हणणं पुरतं कळावं यासाठी तू मध्ये उभी राहत असशील, तर ते काम लाज वाटण्यासारखं नाही. तरीही तुला स्वतःला आतून पटत नसेल तर सोड. बाबांच्या किंवा माझ्या सांगण्यावरून नको.

आता पैसे. हा भाग तू शेवटी घाईत लिहिलास, पण मला त्याने खरोखर चीड आली. अमेरिकी सरकारी सेवा-कंत्राटांवर काम करणाऱ्यांसाठी 1965 पासून सर्व्हिस काँट्रॅक्ट अॅक्ट आहे. 2,500 डॉलर्सच्या वरच्या कंत्राटाला तो लागू होतो. त्या-त्या भागासाठी कामगार खात्याने ठरवलेला किमान दर आणि वर आरोग्य वगैरे सवलतींचे पैसे द्यावेच लागतात. हा दर ज्या कागदावर असतो त्याला 'वेज डिटर्मिनेशन' म्हणतात. तो कागद कामगारांना दाखवणं कंपनीवर बंधनकारक आहे. तू तो माग. 'स्वतंत्र कंत्राटदार' असं लिहून या कायद्यातून सुटता येत नाही. तिथे नातं काय लिहिलंय याला महत्त्व नाही, काम काय करतेस याला आहे.

रात्रीचंही तसंच. सलग 24 तास किंवा त्याहून जास्त ड्यूटी असेल तर झोपेचे तास वगळता येतात, पण जास्तीत जास्त 8, तेही आधी तसा करार असेल आणि झोपायची धड सोय असेल तरच. झोपेत कामासाठी उठवलं तर तेवढा वेळ पगारी. आणि किमान 5 तास झोप मिळालीच नाही तर सगळी रात्र पगारी. 24 मधले 12 तासच देतात म्हणजे बाकीच्या 12 मधल्या निदान काही तासांचा हिशेब लागत नाही. त्या वेळात तुम्ही खरोखर मोकळ्या होतात की बोलावलं की धावायचं होतं, यावर पुष्कळ अवलंबून आहे. आठवड्यात 40 तासांच्या वर गेलं की दीडपट. आजपासून रोज वहीत उठल्याची, झोपल्याची, मध्ये उठवल्याची वेळ लिहायला लाग. फोन जमा करून घेत असतील तर साध्या कागदावर. मग कंपनीला लेखी विचार. उत्तर उडवाउडवीचं आलं तर कामगार खात्याच्या 'वेज अँड अवर डिव्हिजन'ला फोन कर. तिथे तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, आणि तक्रार केली म्हणून काढून टाकणं बेकायदेशीर आहे. हे एकटीने करू नकोस. आजींसारख्या बाकीच्यांचेही पैसे यात अडकलेले आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांना हा कायदा माहीत नसणार. त्यांच्यासाठी या कामातही दुभाषी हो.

तयारीचं थोडक्यात. कारखान्याचं कोरियन तुला पक्कं येतं, पण सरावात लागतं ते गावातलं कोरियन. शेती, आजारपण, नातीगोती, पंचायतीची भांडणं, शिवीगाळ. ते शब्दकोशातून येत नाही. मधल्या दिवसांत तिथल्या कोरियन म्हाताऱ्या माणसांत बस, त्यांची बोली कानावर पडू दे. उत्तरेकडून आलेल्या घरांतली बोली वेगळी असते, ती तर मुद्दाम ऐक. सैन्याचे इंग्रजी शब्द आणि संक्षेप समन्वयकाकडून लिहून घे.

पुढच्या सरावाला होकार कळवताना समन्वयकाला एक विनंती कर. प्रसंग सुरू होण्याआधी कॅप्टनबरोबर दहा मिनिटं मिळावीत. त्यात त्याला सांग की मी 'मी' म्हणून बोलेन, शब्द गाळणार नाही, समोरच्याने शिवी दिली तर शिवी देईन, आणि मला एखादं बोलणं कळलं नाही तर तसं उघड सांगून पुन्हा विचारेन. आणि आजी पुन्हा त्याच गावात असणार असतील तर त्यांनाच विचार की या वेळी दुभाषी म्हणून मी चालेन का. त्या नाही म्हणाल्या तर तू दुसऱ्या गावात काम मागून घे.